मानेमागे उघडणारी टाय

तयार गाठीची बाजारातली टाय तीन महिन्यांत छातीवर येते. इलॅस्टिक ढिलं पडतं, प्लॅस्टिकचा हूक तुटतो आणि पोरांच्या आया दुकानात भांडायला येतात. बुऱ्हाणपुरातल्या राजपुरा भागात गणवेश शिवणारा नंदकुमार ही भांडणं बरीच वर्षं ऐकत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःची टाय काढली.

गाठ त्याने कायमची शिवून टाकली. इलॅस्टिकच्या जागी दोरी घातली, तिच्यावर टायच्याच कापडाची नळी चढवली. दोरी गाठीमागच्या एका छोट्या चिमट्यातून जायची आणि तिचं टोक टायच्या लोंबत्या पट्टीला आतून शिवलेलं असायचं. पट्टी खाली ओढली की टाय गळ्याला बसायची. पहिलीतल्या पोरालाही ते जमायचं. सैल करायची तर गाठ उलटी करून चिमट्याची जीभ नखाने दाबायची. चिमटा दिसायला वाईट दिसत होता, म्हणून नंदकुमारने तो अस्तराखाली दडवला.

दोरी त्याने लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सामानाच्या दुकानातून आणली. लूमवर सुताच्या फ्रेमा दिवसभर वर-खाली खेचते ती गोल नायलॉनची दोरी. या गावात पक्की दोरी म्हणजे तीच. बाज विणायला, मोटरसायकलवर केळीचे घड बांधायला, अंगणात कपडे वाळत घालायला लोक तीच नेतात. नंदकुमारचे वडील तीस वर्षं लूमवर होते. त्यांच्या हातून सूत तुटलं, पट्टे तुटले, ती दोरी तुटलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

टाय चालली. शहराबाहेर नेपानगरच्या बाजूला असलेल्या एका खासगी शाळेने सगळ्या वर्गांसाठी तीच ठरवली. सहाशे चाळीस टाय नंदकुमारने आणि त्याची बायको लीला हिने मिळून शिवल्या. भांडायला येणाऱ्या आया आता दुकानात आल्या की म्हणायच्या, "मास्टर, टाय एकच नंबर. धाकट्यालेही हीच चालीन."

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत, तिसरीतली तेजस्विनी घसरगुंडीवर चढली. घसरताना तिच्या टायची पट्टी पत्रा आणि पाइप यांच्या फटीत अडकली. मुलगी खाली गेली, पट्टी वर राहिली. ती आठ वर्षांची होती, वजन बावीस किलो. चित्रकलेच्या बाईंनी कात्री आणून टाय कापली तेव्हा उशीर झाला होता.

पोलिसांच्या पंचनाम्यात "शालेय टाय अडकून" असे तीन शब्द होते. टायबद्दल आणखी काही नव्हतं. मैदानावर लक्ष ठेवण्याचं काम शाळेतल्या आया मालूबाईंचं होतं. त्या वेळी त्या पहिलीच्या मुलांना टाकीवर पाणी पाजत होत्या. निष्काळजीपणाचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. शाळेने दुसऱ्या दिवशीच त्यांना घरी बसवलं.

चौथ्या दिवशी मालूबाई दुकानात आल्या. नंदकुमार त्यांना ओळखत होता. दरवर्षी जूनमध्ये गणवेशांचे गठ्ठे उतरवून घ्यायला त्याच असायच्या. त्या स्टुलावर बसल्या नाहीत.

"मास्टर, ती टाय उघडते कशी ते दाखवा मले."

"बसा तर मावशी."

"बसत नाही. ठाण्यातल्या साहेबानं तीनदा विचारलं, तू उघडली काऊन नाही? मी काय सांगू? तुम्ही बनवली, तुम्ही दाखवा."

नंदकुमारने फळीवरून एक टाय काढली. गाठ उलटी केली, अस्तर बाजूला सारलं, नखाने जीभ दाबली. दोरी सुटली. मालूबाईंनी टाय हातात घेतली आणि तसंच करून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या.

नंदकुमारने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"मी टाकीवरून पळत आले, गाठ धरून खाली ओढली हो. आपण ओढणी ढिली करतो तशी. जितकी ओढली तितकी ती आत गेली. मंग मी दातानं धरली. हे पाहा." त्यांनी ओठ वर केला. पुढचा एक दात अर्धा तुटला होता. "दोरी तुटेच ना, मास्टर. कशाची होती?"

"नायलॉनची."

"बरं," मालूबाई म्हणाल्या. त्यांनी टाय नीट घडी करून मेजावर ठेवली आणि त्या गेल्या. त्यांनी त्याला दोष दिला नाही. उघडायची रीत त्यांना कळली होती, ती त्या पोलिसांना सांगणार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीला भाकरी घेऊन दुकानात आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं. आत नंदकुमार टाय गळ्यात घालून जमिनीवर बसला होता. टायची पट्टी त्याने शिलाई मशीनच्या लोखंडी पायाला बांधली होती. डोळे मिटलेले, तोंड लाल, दोन्ही हात गाठीशी. लीलाने डबा टाकला आणि मेजावरची मोठी कात्री उचलली. दोरी पहिल्या दाबात कापली गेली नाही. दुसऱ्यात गेली.

मग तिने त्याच्या थोबाडीत मारली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. याआधी तिने कधी हात उचलला नव्हता.

"लाज वाटली नाही? मी आहे ना घरात अजून!"

"मरत नव्हतो," नंदकुमार खोकत म्हणाला. "मोजत होतो."

"काय मोजत होते?"

"डोळे मिटून चिमटा सापडायले किती वेळ लागतो ते. चाळीस मोजले, लीला. मला सापडला नाही. मी बनवला अन् मलाच सापडला नाही."

लीला खाली बसली. भाजीचा रस फरशीवर पसरला होता. तो पुसायचं दोघांनाही बराच वेळ सुचलं नाही.

"आता काय करायचं?" शेवटी तिने विचारलं.

"सहाशे एकोणचाळीस अजून गळ्यात आहेत."

त्याने कामाला सुरुवात केली. आधी जुनी टाय खिळ्याला टांगून तिला वजनं लावली. कोळशाची इस्त्री लावली, मग गव्हाचा पंचवीस किलोचा कट्टा. दोरी तशीच राहिली. खिळा वाकला.

नव्या टायमध्ये त्याने दोरी ठेवलीच नाही. साधी सुती पट्टी घेतली, गाठीला दोन्ही बाजूंनी शिवली. पट्टीची दोन टोकं मानेमागे वेल्क्रोने चिकटत होती. पहिल्या नमुन्यात त्याने दोन बोटं लांबीचा वेल्क्रो लावला. तो नऊ किलोला उघडला. हे फार झालं. शिवाय लहान गळ्यासाठी पट्टी जास्त आत घेतली की दोन्ही भाग जास्त चिकटायचे आणि पकड वाढायची. म्हणजे जितकं मूल लहान तितकी टाय घट्ट. हे त्याच्या सहाव्या नमुन्याला लक्षात आलं. मग त्याने मऊ भाग लांब ठेवला आणि काटेरी भाग अगदी छोटा केला. आता टाय कुठेही चिकटवा, पकड तेवढीच. काटेरी तुकडा कापत कापत अर्ध्या बोटाएवढा उरला तेव्हा टाय अडीच किलोला सुटू लागली. भाजीवाल्याकडून मागून आणलेली वजनं लावून त्याने ते वीस वेळा पाहिलं. विसाच्या वीस वेळा सुटली.

लीलाने ती गळ्यात घातली. "लावायला सोपी आहे," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा सोपी."

"हो."

"हे तेव्हा काऊन नाही सुचलं?"

"तेव्हा कोणी सुटणारी मागितली नव्हती."

पंधरा दिवसांत दोघांनी तीनशे टाय शिवल्या. दुकानाबाहेर पाटी लावली: जुनी टाय द्या, नवी न्या, काही द्यावं लागणार नाही. कारण पाटीवर लिहिलं नव्हतं. नंदकुमारला वाटलं होतं की फुकट म्हटल्यावर रांग लागेल.

आठवड्यात एकतीस जुन्या आल्या. बदल्यात दिलेल्या नव्यांतल्या नऊ परत आल्या. पोरांना खेळच सापडला होता; मागून जायचं, टाय ओढायची आणि पळायचं. एक बाई नवी टाय मेजावर आपटून म्हणाली, "हे काय दिलं मास्टर, टरकन निघते! आमची पक्की होती ती वापस द्या. मूर्ख बनवू ऱ्हायले का आम्हाले?"

"ताई, ही चांगली आहे. सुटते म्हणूनच चांगली आहे."

"सुटते म्हणून चांगली! उद्या पायजमा शिवसान, तोही सुटतो म्हणून चांगला म्हणसान."

दुकानातल्या दोघी-तिघी हसल्या. खरं कारण नंदकुमारच्या तोंडापर्यंत आलं होतं. त्याने फळीवरची एक जुनी टाय उचललीही. पण ती त्याने दिली नाही, आणि कारणही सांगितलं नाही. बाई तणतणत गेली. तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी घरातली दुसरी जुनी टाय घालून शाळेत गेला.

नंदकुमार शाळेचे संचालक योगेंद्र यांच्याकडे गेला. योगेंद्र पस्तिशीचे होते, वडिलांनी काढलेली शाळा चालवत होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"सर, एक नोटीस काढा. जुनी टाय उद्यापासून बंद."

"कारण काय लिहू?"

"धोका आहे म्हणून लिहा."

योगेंद्रांनी पेन खाली ठेवलं. "मास्टरजी, बात ऐसी है. चौकशी चालू आहे. अहवालात आया मैदानावर नव्हती, बस. तिथे टायचा विषयच नाही. मी धोका लिहिला की पहिला प्रश्न येणार, ही टाय लावली कोणी? ऑर्डर माझ्या सहीची आहे. शिवली तुम्ही. आपण दोघं आत जाऊ."

"मग मालूबाई?"

"त्यांचं मी बघतो. वकील देतो. तुम्ही टायचं नाव काढू नका. जून येऊ द्या, नवीन सत्रात चुपचाप बदलून टाकू."

"जूनला सहा महिने आहेत, सर."

"घसरगुंडी काढून टाकली ना मी."

"झाड आहे. फाटक आहे. रिक्षाचा दांडा आहे."

योगेंद्रांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. नंदकुमार चहा न पिता उठला.

पालकांची सभा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी होती. हॉलमध्ये दोनशेच्या वर पालक होते, त्यांच्याहून जास्त मुलं होती, सगळी गणवेशात. दोन मिनिटं श्रद्धांजलीची झाली. त्यानंतर योगेंद्र वार्षिक स्नेहसंमेलनाबद्दल बोलू लागले. नंदकुमार मागच्या रांगेतून उठून पुढे आला. लीला दाराशी नव्या टायचा गठ्ठा घेऊन उभी होती.

"माझं काम आहे दोन मिनिटं," तो म्हणाला. माईक त्याच्याकडे नव्हता. "तेजस्विनीच्या गळ्यात होती ती टाय मी बनवली. तुमच्या लेकरांच्या गळ्यात आहे तीच. ती अडकली तर तुटत नाही. ओढली तर आवळते. अन् उघडायचं कुठून ते वरून दिसत नाही, कारण मी ते लपवलं."

"मास्टरजी, नंतर बोलू," योगेंद्र म्हणाले.

"आता कोणीही आपल्या लेकराची टाय सोडून दाखवा. मी मोजतो."

मग तिसऱ्या रांगेतल्या पंडित नावाच्या माणसाने शेजारी बसलेल्या मुलीला जवळ ओढलं. तो लूम दुरुस्त करणारा मिस्त्री होता. नखांत काळं तेल होतं. त्याने गाठ चाचपली, नळीचं कापड बोटांत धरलं आणि थांबला. खिशातून पेचकस काढला, त्याच्या टोकाने कापड उसवलं. आतली पांढरी दोरी त्याने अंगठ्याखाली फिरवली.

"ही तर लूमची दोरी आहे," तो म्हणाला.

"हो," नंदकुमार म्हणाला.

"लूमची दोरी लेकरांच्या गळ्यात घातली, मास्टर?" त्याचा आवाज चढला नव्हता. "फ्रेम तुटते, रोलर तुटतो. ही तुटत नाही. अरे, हात गेला लोकांचा हिच्यात."

"हो."

मग हॉलमध्ये एकच गोंधळ उडाला. आया मुलांच्या गळ्याशी झटू लागल्या. काहींनी घाईत पट्टी ओढली आणि मुलं रडायला लागली. "खाली नका ओढू! गाठ उलटी करा!" नंदकुमार ओरडत होता. लीला कात्री घेऊन रांगेतून फिरत होती. कोणीतरी नंदकुमारची कॉलर धरली, कोणीतरी पाठीत गुद्दा घातला. पंडित मधे पडला नाही. तो एकेका मुलाला समोर उभं करून पेचकसाने टाय उसवत होता. अर्ध्या तासात हॉलच्या फरशीवर दोनशे नव्वद टाय पडल्या.

संध्याकाळी पोलिसांनी नंदकुमारचा जबाब घेतला. मालूबाईंचं नाव गुन्ह्यातून निघालं नाही. त्यांच्या नावाखाली नंदकुमारचं नाव आलं. शाळेने टायच रद्द केली आणि नंदकुमारचं काम काढून घेतलं. दुकानावर कोणीतरी डांबर फासलं. लीलाने ते रॉकेलने पुसलं, पाटी मात्र तशीच ठेवली.

उरलेल्या टाय गोळा करायचं काम तीन आठवडे चाललं. टाय रद्द झाल्या होत्या, पण पक्की वस्तू इथे कोणी फेकत नाही. धाकट्या भावंडांना, चुलतभावांना, दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या भाच्यांना ती देऊन टाकतात. नंदकुमारने वर्गवार नावं मिळवली आणि तो व लीला स्कूटीवर निघाले. काही टाय खकनार गावात निघाल्या, एक देडतलाईला कुणाच्या तरी मामाच्या घरी. तिथे ती वासराच्या गळ्यात होती. त्यांनी तीही सोडवून घेतली आणि वासराला साधा सुती दोर बांधून दिला. काही घरांतून शिव्या मिळाल्या, काही घरांतून टाय दारातूनच फेकल्या गेल्या. लीला त्या उचलून पिशवीत टाकायची आणि नावावर फुली मारायची.

शेवटी एक नाव उरलं. सहावीतला सागर. तेजस्विनीचा मोठा भाऊ.

"मी एकटा जातो," नंदकुमार म्हणाला.

"मी खाली थांबते," लीला म्हणाली.

मुलीचे वडील समाधान खकनारजवळच्या सरकारी शाळेत शिक्षक होते. रविवार होता. त्यांनीच दार उघडलं. दाढी वाढलेली होती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. त्यांनी नंदकुमारला ओळखलं. नंदकुमार मार खायची तयारी करून आला होता. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला होता.

"सागरची टाय पाहिजे होती," तो म्हणाला.

समाधान आत गेले. टाय घेऊन आले, पण ती त्यांनी दिली नाही. हातात धरून उभे राहिले.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "मीच येणार होतो तुमच्याकडे. त्या दिवशी सकाळी तिची टाय मी लावली. ती रोज ढिली करायची, बटण उघडं ठेवायची. शाळेतून चिठ्ठी आली होती. म्हणून मी ओढली. ती म्हणाली, पप्पा, टोचतंय. मी म्हणालो, राहू दे." ते थांबले. "जास्त ओढली गेली का माझ्याकडून?"

"नाही."

"विचार करून सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"तसं सांगत नाही, सर." नंदकुमारने हात पुढे केला. समाधानांनी टाय दिली. त्याने ती आपल्या दोन बोटांभोवती सैल अडकवली, वीतभर फट ठेवून, आणि पट्टी खाली ओढली. फट क्षणात मिटली. बोटं पांढरी पडली. "पाहा. तुम्ही सकाळी एवढी ढिली ठेवली असती, तरी पट्टी अडकल्यावर हेच झालं असतं. तुम्ही किती ओढली त्याचा काही संबंध नाही. ओढल्यावर आवळायची अशीच मी ती बनवली. दोरी मी निवडली, चिमटा मी झाकला."

समाधान त्याच्या पांढऱ्या बोटांकडे पाहत राहिले. आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला.

"दोन महिने होत आले, ती माझ्याशी बोललेली नाही," ते हळू म्हणाले. "सागरची आई. त्या दिवशी ती दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं, टोचतंय म्हणालेलं."

नंदकुमारने चिमटा दाबून बोटं सोडवली.

"मी सांगून तिला खरं वाटणार नाही." समाधान दारातून बाजूला झाले. "तुम्ही आत या. हे जे आत्ता मला दाखवलं ते तिला दाखवा. तुमच्या तोंडानं सांगा, कोणाची चूक आहे ते."

नंदकुमारने खाली रस्त्याकडे पाहिलं. लीला स्कूटीजवळ उभी होती, वरच पाहत होती. त्याने तिला थांब असा हात केला, चपला काढल्या आणि टाय हातात तशीच धरून तो आत गेला.